अर्ध्या पाळीचे दिवस

१९५३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात काही नवी कलमं आली. त्यांतली एक तरतूद मी अनेकदा वाचली आहे. कामगार पाळीच्या वेळेला फाटकावर हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम मिळालं नाही, तर तो दिवस ‘ले-ऑफ’चा धरायचा. ‘आता काम नाही, पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात ये’ असं सांगितलं, तर अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ. भरपाई किती, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी. अट अशी, की ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा तरी कारखान्यात येऊन तोंड दाखवायचं. आला नाही, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत.

त्या वर्षी कापड गिरण्यांत न विकलेला माल साठत चालला होता आणि हजारो कामगारांना घरी बसवलं जाण्याची भीती होती. म्हणून सरकारनं घाईनं वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा केला. कामगाराच्या बाजूचाच कायदा तो. त्याआधी काम नसलं की पैसे नसत. पण या कायद्यातल्या वेळेकडे जरा पाहा. काम कमी झालं म्हणून सुटलेला वेळ कामगाराच्या हाती पडतच नाही. दोन तास फाटकावर गेले, जाण्यायेण्यात तास-दीड तास गेला, आणि उरलेला दिवस ‘उद्या बोलावतील का’ या घोरात गेला. याला सुट्टी म्हणता येत नाही आणि काम तर नाहीच. मी याला लटकता वेळ म्हणतो. हे प्रकरण त्या वेळेबद्दल आहे. तो आजही हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत आहे, आठवड्याचे चारच दिवस काम देणाऱ्या छोट्या कारखान्यांत आहे, ‘सध्या अर्धा दिवस या, पुढचं बघू’ असं ऐकलेल्या हिशेबनिसाच्या घरात आहे.

नागपूरला हा वेळ नवा नाही. गांधीसागर तलावाजवळ आज जिथे मॉल उभा आहे, तिथे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. सुरुवातीला तिथे उलटंच दुखणं होतं. गिरणीला माणसं हवी होती आणि माणसं येत नव्हती. एखाद्या दिवशी पाचवा हिस्सा कामगार गैरहजर असत. शेतीची कामं, सणवार, घरचं लग्नकार्य, या सगळ्याला गिरणीपेक्षा जास्त मान होता. जमशेटजींनी दंडाऐवजी दुसरी वाट धरली. अपघाताची भरपाई, पेन्शन, भविष्य निर्वाह निधी, चांगल्या कामाला बक्षिसं अशा गोष्टी त्यांनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी एकेक करून आणल्या. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी सरकारी कायद्यात यायला पुढे कित्येक वर्षं गेली.

शंभर वर्षांत चित्र पालटलं. आता माणसं फाटकावर होती आणि काम आत नव्हतं. ज्याचं नाव कायम हजेरीपटावर नाही, तो बदली कामगार. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही, तरच त्याला त्या पाळीचं काम. भोंगा होईपर्यंत त्याला आपला दिवस कसा जाणार हे ठाऊक नसे. १९५३ च्या कायद्यानंही बदलीला ले-ऑफच्या भरपाईतून वगळलं, सलग वर्षभराची नोकरी भरली असेल तरच त्याला त्यात जागा. एम्प्रेस १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली आणि राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. २००२ मध्ये ती बंद पडली. पूर्ण बंद पडण्याआधीची वर्षं ही खरी परीक्षेची असतात, असं मला वाटतं. बंद झालेल्या गिरणीचा कामगार निदान दुसरं काम शोधायला मोकळा असतो. अर्धी चालू असलेली गिरणी माणसाला धरूनही ठेवते आणि पोटभर देतही नाही.

अशा वेळी माणसाच्या वेळेचं नेमकं काय होतं, याचा सगळ्यात बारकाईनं केलेला अभ्यास ऑस्ट्रियातल्या एका गिरणीगावात झाला. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगणारं. जागतिक मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तिशीच्या आसपासचे अभ्यासक सहकाऱ्यांना घेऊन तिथे गेले आणि १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी लोकांना नुसते प्रश्न विचारले नाहीत. घराघरांतलं जेवण नोंदवलं, वाचनालयाची वही तपासली, खिडकीत बसून रस्त्यानं जाणारी माणसं किती वेगानं चालतात ते मोजलं.

सगळ्यांचा अंदाज असा, की गावाला आता वेळच वेळ आहे, तर लोक वाचतील, संघटनेचं काम करतील, राजकारणावर बोलतील. वाचनालयात पुस्तकं फुकट मिळू लागली होती. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यानं संथ चालत, मध्येच थांबत, पुन्हा थांबत. बहुतेकांनी घड्याळ घालणं सोडून दिलं होतं. काल दिवसभर काय केलं असं विचारलं, तर सकाळी उठलो, दुपारी जेवलो, यांच्या मधलं त्यांना सांगता येत नसे. बायका मात्र भराभर चालत होत्या. त्यांची गिरणीतली नोकरी गेली होती, पण स्वयंपाक, धुणं, पोरं आणि आता कमी पैशात घर चालवण्याची कसरत, यातून त्यांना उसंत नव्हती. एकाच घरात एकाचा वेळ संपत नव्हता आणि दुसरीला तो पुरत नव्हता.

माझ्या दृष्टीनं मारिएनथालचा धडा असा आहे: भीतीत मिळालेला मोकळा वेळ आपोआप वापरता येत नाही. ते पुरुष आळशी नव्हते, काही वर्षांपूर्वी हेच लोक दिवसभर गिरणीत राबून संध्याकाळी सभांना जात. दिवसाला जो आकार होता तो गिरणीनं दिलेला होता. उठायची वेळ, भेटायची माणसं, कुणाला तरी आपली गरज आहे ही जाणीव, हे सगळं पगाराबरोबर फुकट मिळत होतं. गिरणी गेली तसं तेही गेलं. याहोडांनी पुढे आयुष्यभर हाच मुद्दा मांडला, की नोकरी पैशाशिवाय दिवसाची चौकट आणि माणसांचा सहवासही देते.

पण नागपूरच्या गिरणीवस्त्यांकडे पाहिलं की मला वेगळंच काहीतरी दिसतं. तिथे फुरसत फार कमी होती. १९११ पर्यंत प्रौढ पुरुष कामगारानं किती तास राबायचं याला कायद्यात मर्यादाच नव्हती. त्या साली कापड गिरण्यांसाठी ती दिवसाला बारा तास ठरली, १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न. १९४६ मध्ये ती अठ्ठेचाळीसवर आली. ते विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडणारे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. एम्प्रेस आणि मॉडेल या गिरण्यांत काम करणाऱ्यांत दलित कामगार मोठ्या संख्येनं होते, तेव्हा या सुटलेल्या तासांचा त्यांच्या वस्त्यांशी थेट संबंध होता.

त्या वस्त्यांनी थोडक्या वेळाचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली, स्वतःची वृत्तपत्रं चालवली आणि १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ सुरू केली. ते पत्र मजुरांसाठी होतं. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला कोणीतरी वाचून दाखवायचं, म्हणजे एक अंक आणि चार-पाच माणसं एकत्र बसलेली, अशी ती वाचनाची रीत. जाईबाई चौधरी यांची कथा मला त्याहून जवळची वाटते. उमरेडकडच्या, १८९२ मध्ये जन्मलेल्या, दुष्काळात घरच्यांबरोबर नागपुरात आल्या, नवव्या वर्षी लग्न. त्या नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहत. एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, शिक्षिकेची नोकरी दिली. मुलांच्या पालकांना अस्पृश्य बाई शिकवते हे खपलं नाही आणि ती नोकरी गेली. नोकरी गेल्यावर जाईबाईंनी १९२२ मध्ये मुलींसाठी आपली शाळा काढली.

वसंत मून यांनी ‘वस्ती’ या आत्मकथेत आपल्या लहानपणचं नागपूर लिहून ठेवलं आहे. त्यात आखाडा आहे, समता सैनिक दलाची कवायत आहे. कवायत ठरल्या वेळेला, ठरल्या मैदानात, गणवेशात. गिरणीतून थकून आलेल्या घरातलं पोर तिथे जात असे, कारण बाकीचे जात होते आणि न गेल्याचं कळत होतं. मारिएनथालला नेमकं हेच नव्हतं उरलं. नागपूरच्या वस्त्यांनी दिवसाची चौकट गिरणीकडून उसनी घेतली नव्हती, ती त्यांनी स्वतः उभी केली होती, म्हणून गिरणी अर्धी झाली तरी ती पूर्ण राहू शकत होती. यात मी गरिबीचं गोड चित्र काढत नाही. त्या वस्त्यांत क्षयरोग होता, कर्ज होतं, दारू होती. पण वेळ वाया जाऊ न देण्याची एक यंत्रणा तिथे होती, आणि ती एकट्याच्या निश्चयावर उभी नव्हती.

आता आजच्या घराकडे येऊ.

तुमचे तास कमी झाले असतील, तर आधी ते कसे कमी झाले ते पाहा. रोज दोन तास कमी आणि आठवड्यातून दीड दिवस कमी, यांत बेरीज साधारण सारखीच, पण उपयोग फार वेगळा. रोजचे दोन तास चहा, गर्दी आणि फोन यांत विरघळून जातात. दीड दिवस सलग मिळाला तर त्यात दुसरं काम धरता येतं, वर्गाला जाता येतं, गावाकडच्या शेताची चक्कर होते. तेव्हा मालकाशी बोलायचंच असेल तर तास वाढवा म्हणण्याआधी ते गोळा करून द्या, असं म्हणून पाहा. बऱ्याच ठिकाणी मालकालाही वीज, बस आणि कँटीन यांचा खर्च वाचतो म्हणून हे सोयीचं पडतं. आणि जे ठरेल ते लेखी घ्या: कुठल्या तारखेपासून, कोणते दिवस, पगार किती, हजेरी कुठे लावायची.

जर्मनीत कमी तासांची रीतसर व्यवस्था आहे. मंदीत कारखाने माणसं काढण्याऐवजी तास कमी करतात आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साठ टक्के, मूल असेल तर सदुसष्ट टक्के, सरकारच्या विमा निधीतून मिळतात. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, जवळजवळ साठ लाख लोक अशा कमी तासांवर होते. मंदी सरली की तेच हात त्याच यंत्रावर परत येतात. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या केलॉग कारखान्यानं १ डिसेंबर १९३० पासून आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या केल्या. मंदीत जास्त लोकांना काम मिळावं हा हेतू होता. मंदी सरली, दुसरं महायुद्ध झालं, तरी कारखान्यातल्या अनेकांना, विशेषतः बायकांना, ते सहा तास सोडवेनात. शेवटच्या काही खात्यांत ही पाळी १९८५ पर्यंत टिकली. वाचलेल्या दोन तासांत त्या बागा करत, मुलांबरोबर असत, वाचत. इथे वेळ सलग होता, रोज त्याच घटकेला येणारा होता, आणि नोकरी जाण्याची भीती त्याला चिकटलेली नव्हती. तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

आपल्याकडे भीती सरकार काढून घेत नाही. म्हणून ती आपणच आकड्यात आणलेली बरी. निम्मी भरपाई म्हणजे हातात पडणाऱ्या पगाराच्या निम्मी, असं अनेक जण धरून चालतात आणि पहिल्याच महिन्यात फसतात. भरपाई मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर आहे. समजा, हातात दिवसाला सातशे रुपये पडतात, पण त्यांत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून चारशेच आहेत आणि बाकीचे घरभाडे, प्रवास आणि असे इतर भत्ते. तर ले-ऑफच्या दिवसाचे दोनशे. तेही कारखान्यात किमान पन्नास कामगार असतील, काम बाराही महिन्यांचं असेल आणि तुमची वर्षभराची सलग नोकरी असेल तर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिनंही हे निम्म्याचं प्रमाण तसंच ठेवलं आहे. दुकानात किंवा खाजगी ऑफिसात काम करणाऱ्याला तर बहुतेक वेळा नेमणूकपत्रात काय लिहिलं आहे तेवढाच आधार. म्हणून पगारपत्रक समोर ठेवून, घरातल्या सगळ्यांनी बसून, तीन महिन्यांचा खर्च मांडावा. किराणा, दूध, भाडं, शाळेची फी, औषधं, हप्ते. हा कागद तयार झाला की रात्रीची अर्धी भीती जाते, कारण तिला आकार येतो. भविष्य निर्वाह निधीला मात्र शेवटपर्यंत हात लावू नये असं मी म्हणेन. तो म्हातारपणाचा आहे, या मंदीचा नाही.

मग जागा. घर ही मोकळ्या वेळेची जागा नव्हे, विशेषतः नागपूरच्या उन्हाळ्यात, दोन खोल्यांत, कूलरच्या एका झोतासमोर सगळे बसलेले असताना. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडवत नाही, म्हणून सकाळी सातची आणि संध्याकाळी सहानंतरची वेळ धरावी लागते. शहरात जुनी वाचनालयं आहेत आणि वस्त्यावस्त्यांत अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे रात्रंदिवस बसतात, त्यांच्या शेजारी चाळिशीच्या माणसाला बसायला संकोच वाटतो. तो संकोच दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच कोणीतरी तुम्हाला जागा धरून ठेवतो.

काय शिकायचं, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं, पण एक कसोटी मला उपयोगी वाटते. आज करत असलेल्या कामाच्या एक पाऊल बाजूला काय आहे? लेथवर काम करणाऱ्यानं एकदम संगणकाची भाषा शिकायला जाण्यापेक्षा सीएनसी यंत्र चालवणं शिकावं. हिशेब लिहिणाऱ्यानं जीएसटीचं विवरणपत्र भरणं शिकावं. श्रद्धानंदपेठेच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन कोणते लहान अभ्यासक्रम चालू आहेत ते स्वतः विचारावं. ज्याचं शिक्षण मध्येच सुटलं त्याला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ मध्ये ते अशा लोकांसाठीच निघालं. महागड्या क्लासची फी हप्त्यानं भरायची वेळ ही नाही. आणि शक्यतो एकट्यानं काही सुरू करू नका. त्याच खात्यातला, तसाच अर्ध्या पगारावर आलेला दुसरा कोणी सोबत घ्या. ज्या दिवशी तुमचं मन उठणार नाही त्या दिवशी तो दाराशी येऊन उभा राहील.

घरातल्या बाईचा वेळ या हिशेबात बहुधा कोणी धरत नाही. नवऱ्याचे तास कमी झाले की तिचे वाढतात: दिवसभर कोणीतरी घरी, जास्तीचा चहा, दोन वेळा गरम जेवण, आणि वर पैसे कमी म्हणून जे विकत यायचं ते घरी करायचं. मारिएनथालच्या बायका भराभर चालत होत्या त्या याच ओझ्यानं. नागपुरात हा काळ बरेचदा वाळवणाच्या दिवसांवर येतो. गच्चीवर शेवया, कुरडया, मुगवड्या, पहाटे पाचला चीक शिजवायला घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत कुरडया घालून व्हायच्या. ज्याची पाळी आता गुरुवारी आणि शुक्रवारी नसते, त्यानं त्या पहाटे उठावं. चीक घोटायला दंडात जोर लागतो, आणि तो त्याच्याकडे आहे. सकाळी नऊला गच्ची भरलेली असेल, दिवसाचा मोठा भाग दोघांच्याही हातात मोकळा असेल, आणि दहाला तिलाही कुठेतरी जाता येईल.